अर्धं वरण

"आधी तू," स्वप्ना म्हणाली, आणि वाटीतलं अर्धं वरण तिनं लेकीच्या ताटात ओतलं.

शिवरंजनीनं भात कालवला. आई समोर मांडी घालून बसली होती. तिची नजर ताटावर नव्हती, लेकीच्या गळ्यावर होती. घास खाली उतरतो का, ते ती बघत होती.

"काई लागायलंय का त्याच्यात?"

"काई न्हाई गं. वरणासारखं वरण हाय."

हे खोटं होतं. वरणात गोळी होती. अप्पांनी, म्हणजे शिवरंजनीच्या वडलांनी, दोन चमच्यांमध्ये दाबून तिचा भुगा केला होता आणि आईच्या वाटीत ढवळला होता. मग दुकान उघडायला निघताना ते रोजच्यासारखं कुजबुजले होते, "समदं खाल्लं का बघ. तुज्यावर हाय बरं का, रंजू."

मागल्या दिवाळीनंतर आईला कुणाकुणाचे आवाज ऐकू यायला लागले. परभणीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या तिनं न्हाणीत थुंकल्या. तेव्हा अप्पांनी कुणालाही न विचारता ही युक्ती काढली. जेवणात कुणीतरी काही घालतं, हा आईचा संशय त्या आधीचा की नंतरचा, हे आता घरात कुणालाच सांगता आलं नसतं.

सुरुवातीला ती लेकीला एकच घास खायला लावायची. पुढं एका घासानं तिचं समाधान होईना. अर्ध्या वाटीवर आलं. आणि या लिंगायत घरात ताटात काही टाकत नाहीत. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन अन्न आधी त्याला दाखवायचं, मग तो प्रसाद. ताट बोटानं पुसून खायचं, धुवून ते पाणीही प्यायचं. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तेव्हा शिवरंजनीला चिमूटभर वरणसुद्धा मागं ठेवता येत नव्हतं. ती ताट धुवून प्यायची आणि दप्तर उचलायची.

अप्पांना एवढं माहीत नव्हतं. पोरगी नुसतं चाखते, अशीच त्यांची समजूत होती. आईला उतार पडेना म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवली. आईच्या वाट्याची वाढली, तशी लेकीच्या वाट्याचीही वाढली.

सांगावं तर आई जेवण सोडेल. अप्पांनी तर सगळं तिच्यावरच टाकलेलं. म्हणून ती गप्प होती. शाळेत दुसऱ्या तासाला फळ्यावरची अक्षरं एकमेकांत मिसळायला लागत आणि डोकं बाकावर टेकायचं. मुली तिच्या कानाशी येऊन एसटीच्या कंडक्टरसारखं गावाचं नाव ओरडत, "पूर्णा आली, पूर्णा! उतरा खाली!" सगळा वर्ग हसायचा. मग कुणीतरी हळूच म्हणायचं, "हिला बी आईसारखंच लागलं काय की." ते मात्र तिला झोपेतही ऐकू यायचं. तिलाही तेच वाटायला लागलं होतं.

त्या दिवशी ती प्रार्थनेच्या रांगेत उभ्या उभ्याच कलली. वर्गशिक्षिका मधुवंती मॅडमनी तिला ऑफिसात नेऊन बसवलं, पाणी दिलं.

"सकाळी काय खाल्लंस?"

शिवरंजनी गोंधळली. तिला भेटेल तो माणूस एकच विचारायचा, आई कशी आहे. त्याचं उत्तर तिला पाठ होतं. या प्रश्नाचं उत्तर तयार नव्हतं. त्यामुळं खरंच सांगितलं गेलं. वरण, वाटी, दोन चमचे, सगळं.

मॅडम म्हणाल्या, "आजपासून ते खायचं नाही. तुझ्या वडलांना आत्ता भेटते. डॉक्टरांनाही विचारू."

"मग आई जेवायचीच न्हाई, मॅडम."

"असं ती म्हणाली?"

"न्हाई. तिला कुणी इच्चारलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद होतं. अप्पांनी चमचे घेतले नाहीत. पाकिटातून गोळी काढली आणि तशीच आईच्या ताटाशेजारी ठेवली. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, आता लपवू नका, सांगून द्या. पण अप्पा दारात जाऊन रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले.

आईनं वाटी उचलली. अर्धं वरण लेकीच्या ताटात ओतलं. "आधी तू."

"आई, आज त्याच्यात काई न्हाई. रोज असायचं. ही गोळी असायची, तुजी, डॉक्टरांनी दिलेली. मला ठाव होतं."

आता ताट भिंतीवर जाणार, असं वाटून शिवरंजनीनं डोळे मिटले. आवाज काही झाला नाही.

"म्हंजी होतं," आई हळू म्हणाली. "मला वाटलं, मला येडीलाच तसं वाटायलंय."

"होतं."

"अन् तू खायचीस? ठाव असून?"

"तू जेवावंस म्हणून."

आईनं लेकीचं ताट ओढून आपल्यापुढं घेतलं. त्यातला भात कालवला. घरातलं सगळंच, गोळीसकट, विषारी आहे, हे तिच्या मनातून अजून गेलेलं नव्हतं. तिनं डोळे गच्च मिटले, घास तोंडात घातला, गिळला. काही होतंय का, ते बघत बसली. मग ताट परत लेकीपुढं सरकवलं.

"जेव आता. मी खाऊन बघितलंय."

आणि ताटाशेजारची गोळी तिनं उचलली.

ती तिनं तोंडात टाकली की मुठीत धरली, गिळली की जिभेखाली ठेवली, हे बघायला शिवरंजनीनं मान वर केली नाही. ती जेवत होती.