कमानीवरची खोली

पुन्हा पावलं वाजली. ब्रायनी तान्ह्या विल्फची बाबागाडी घेऊन कमानीखालीच थबकली आणि वर बघायला लागली.

जुन्या तुळया, त्यांवर फळ्या. एके काळी याच कमानीतून घोडागाड्या सराईच्या अंगणात शिरायच्या. आता सराईची घरं झाली होती. कमानीच्या डावीकडचं ब्रायनीचं, उजवीकडचं म्हाताऱ्या मिसेस टर्विलचं. कमानीवर, दोन्ही घरांच्या मधे, एक खोली. तिच्या खिडकीला पांढराशुभ्र पडदा.

"वर कुणीतरी चालतं," संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं.

"चालणारच. टर्विलबाईंची खोली आहे ती." गॅरेथ चिखलाचे बूट काढत होता. "आपली असती तर आपल्याकडून दार नसतं का?"

"आणि विल्फच्या खोलीतलं, कमानीकडच्या भिंतीतलं कपाट? रात्री खिट्टी लावते, सकाळी दार किलकिलं असतं."

"चारशे वर्षांचं लाकूड आहे ते, ब्रायनी. थंडीत आखडतं. आता लाकडालाही घाबरणार आहेस का?"

ती हसली. पण बाळाला जवळ घेऊन बऱ्याच रात्री जागत राहिली.

मग ते गाणं सुरू झालं. विल्फ रडायला लागला की त्याच्या खोलीतला आवाज ऐकवणाऱ्या बेबी मॉनिटरमधून बाईचा हलका आवाज यायचा, आणि तो निजायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती अनवाणी धावली होती. विल्फ अंगठा चोखत गाढ झोपलेला, खोलीत कुणी नाही. आवाज भिंतीपलीकडून येत असणार.

"शेजारीण फुकटात अंगाई गाते," गॅरेथ म्हणाला, "आणि तुला त्याचाही धसका."

हळूहळू तिला झोप लागायला लागली. शेवटी तिला स्वतःचीच लाज वाटली. बिचारीवर आपण काय काय संशय घेतले.

गुरुवारी दुपारी विल्फ झोपल्यावर तिनं आल्याचा केक कापडात गुंडाळला, दोन्ही दारांची कुलपं ओढून पाहिली, मॉनिटर खिशात टाकला आणि कमान ओलांडून शेजारी गेली.

दार उघडायला वेळ लागला. मिसेस टर्विल वॉकरवर रेलून उभ्या होत्या. "सगळ्याबद्दल आभार," म्हणत ब्रायनीनं केक पुढे केला. पूर्वी जिथे सराईची मद्यशाळा होती त्या खोलीत, मोठ्या चुलाण्याशेजारी, त्यांचा पलंग होता.

"पलंग खाली आणलात?"

"खुबा मोडला तेव्हाच, पोरी. दोन हिवाळे झाले, जिना चढलेले नाही. वर नुसते कोळी राहतात, मेले भाडंही देत नाहीत."

ब्रायनीनं चहाचा कप खाली ठेवला. "मग ती कमानीवरची खोली…"

"तुमची ना. केवढी खोली शेजारच्यांना मिळाली म्हणून माझा हॅरल्ड मरेपर्यंत कुरकुरत होता." म्हातारीनं केकचा तुकडा मोडला. "आणि आभार कसले मानतेस? मीच मानायला हवेत. तू बाळासाठी गातेस ना, तेव्हा मी रेडिओ बंद करून ऐकते. कुठलं गाणं ते विचारणार होते, पण लोकांच्या घरातलं असं कसं विचारायचं?"

ब्रायनीच्या खिशातून विल्फचं रडणं ऐकू आलं.

"जा, जा. उठला बघ."

ती उठली. मॉनिटरमधून कपाटाची खिट्टी वाजली, आणि रडणं थांबलं.