पाचवी चिठ्ठी

"ही वाचायची नाही," सर म्हणाले आणि दोन बोटांत धरलेली चिठ्ठी त्यांनी पाळकांसमोर टेबलावर ठेवली.

उपासनेला दहा मिनिटं होती आणि चर्चमागच्या छोट्या खोलीत दोघंच होते. आठवडाभर दाराजवळच्या डब्यात लोक देवाचे उपकार मानणाऱ्या चिठ्ठ्या टाकायचे. निवृत्त मुख्याध्यापक असलेले सर रविवारी सकाळी त्या चाळून द्यायचे आणि पाळक एकेक करून वाचायचे. प्रत्येक चिठ्ठीवर मंडळीनं आमेन म्हणायचं, मगच पुढची उघडायची. हा नियम पाळकांनीच घातला होता. एकाचा आनंद सगळ्यांच्या तोंडून गेला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

चिठ्ठी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत काम करणाऱ्या मावशींची होती. 'माझ्या मुलाचं तुरुंगातून पहिलं पत्र आलं. मी जेवले का विचारलं आहे. देवाचे उपकार.'

मुलगा तुरुंगात का गेला, हे सगळ्यांना पाठ होतं. दारूसाठी त्यानं चर्चचाच कीबोर्ड चोरून विकला होता. तेव्हापासून मंडळी वाद्याशिवाय गात होती. पुरुष एका सुरात, बायका दुसऱ्या, आणि सर तिसऱ्याच.

सरांचं म्हणणं सरळ होतं. लोक आत्ता कुठे शांत होताहेत, उगाच खपली काढू नका. जिथं चोरी झाली तिथंच चोराच्या आईनं उपकार मानायचे, हे जखमेवर मीठ चोळणं झालं. वाचलीत तर प्रकरण वरपर्यंत जाईल आणि तुम्हाला इथून गाशा गुंडाळावा लागेल, हेही त्यांनी शांतपणे सांगून टाकलं.

पाळक सहसा सरांशी वाद घालत नसत. मऊ लागतं म्हणून लोक तुम्हाला कोपरानं खणतात, हे बायकोचं त्यांच्याबद्दलचं कायमचं मत. पण आज त्यांना राग आला. उपकार मानायला लायकी लागत असती, तर तो डबा वर्षभर रिकामाच राहिला असता. आणि पाळकांची स्वतःची चिठ्ठी सगळ्यात आधी परत आली असती.

"नापास करायला हा परीक्षेचा पेपर नाही, सर," ते म्हणाले आणि चिठ्ठी गठ्ठ्यात सरकवली.

पहिल्या चार चिठ्ठ्या सुरळीत गेल्या. कुणाची नात चालायला लागली होती, कुणाला एकदाचं भाड्याचं घर मिळालं होतं, कुणाच्या दुकानाचं अडकलेलं शटर सुटलं होतं. शटरलासुद्धा दणदणीत आमेन मिळालं. मग पाळकांनी पाचवी उघडली आणि एकही शब्द न गाळता वाचली.

आमेन आलं नाही.

कुणीतरी खोकलं. पहिल्या बाकावर सर हाताची घडी घालून बसले होते. मावशी शेवटून दुसऱ्या बाकावर होत्या, साबणाच्या पाण्यानं पांढरे पडलेले हात मांडीवर ठेवून.

पाळकांनी पुढची चिठ्ठी उचलली नाही. "नियम सगळ्यांना माहीत आहे," ते म्हणाले. "मला घाई नाही. संध्याकाळपर्यंत थांबेन." आणि खरंच ते समोरच्या पायरीवर जाऊन बसले. खोटं कशाला बोला, मनातून त्यांना फार बरं वाटत होतं. आयुष्यभर सगळ्यांना सांभाळून घेतल्यावर आज ते पहिल्यांदा ताठ उभे राहिले होते, भले बसून का होईना.

पाच मिनिटं गेली. एक तान्हं मूल रडायला लागलं. त्याची आई त्याला बाहेर घेऊन गेली आणि तिच्या मदतीला म्हणून आणखी दोघी गेल्या. मग एकेक मान मागे वळायला लागली. पाळकांच्या ते जरा उशिराच ध्यानात आलं. चिठ्ठी बाजूला राहिली होती आणि सगळं चर्च मावशींकडे टक लावून बघत होतं.

मावशी उठून उभ्या राहिल्या.

"पाळकसाहेब, उठा. खाली कशाला बसलात?" आवाज चढलेला नव्हता. पण दिवसभर धुलाईच्या मशिनांवरून बोलायची सवय असलेला तो आवाज कोपऱ्याकोपऱ्यात पोचला. "यांच्याकडून हो म्हणवून घ्यायला मी चिठ्ठी टाकली नव्हती. माझ्या पोरानं कित्येक वर्षांनी शुद्धीत राहून विचारलं, आई, जेवलीस का. त्याबद्दल मी देवाचे उपकार मानले. देवाला ते पोचले. यांची वस्तू गेलीय, यांना राग येणारच. येऊ दे. पण मी या बाकावरून उठून जाणार नाही, आज नाही आणि पुढच्या रविवारीही नाही. आता पुढची वाचा, लोकांना घरी जायचंय."

पाळक उठले. त्यांचे कान तापले होते. आपण मावशींसाठी थांबलो होतो की स्वतःसाठी, हा प्रश्न त्यांनी तेवढ्यापुरता गिळला आणि सहावी चिठ्ठी उघडली. अक्षर वळणदार होतं, एकही ओळ तिरकी नव्हती. चिठ्ठी सरांची होती.

"डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. पुन्हा स्वच्छ वाचता येतं. देवाचे उपकार."

लोक अजून मावशींच्या बोलण्यातून सावरले नव्हते. आमेन म्हणायचं राहूनच गेलं. पहिल्या बाकावर सर समोर बघत वाट पाहत राहिले.

"आमेन," मावशी एकट्याच म्हणाल्या आणि खाली बसल्या.