पंढरीचं जुनं इंजिन

ब्याऐंशीच्या थंडीत नावड्याच्या पंढरीचा डिझेलचा ट्रक चार माणसांनी ढकलल्याशिवाय सुरू व्हायचा नाही, आणि सुरू झाला की अख्खं गाव जागं करायचा. शेजारच्या सितारामचा ट्रक त्याच कंपनीचा, पण पेट्रोलवरचा. तो एका सेल्फात गुपचूप निघायचा आणि तळोज्याच्या कारखान्यातला पहिला माल उचलायचा. बघून बघून पंढरीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी एक दिवस तो सितारामला म्हणालाच, "तुजं इंजिन मना दे, माजं तू घे."

डिझेल स्वस्त. सिताराम एका पायावर तयार झाला.

मेस्त्रीने मात्र कपाळाला हात लावला. "अहो, लोक पेट्रोलचं कार्बोरेटरवालं काढून डिझेल बसवतात. तुमी उलटे कुठे चालले?"

"तू पाने चालव," पंढरी गुरगुरला. "मना त्याचंच पायजे."

त्या संध्याकाळी पंढरीचा ट्रक इतका अलगद दारात आला, की एरवी वळणावरच्या धडधडीनेच दाराशी येणाऱ्या बायकोला, सगुणाला त्याने कडी वाजवली तेव्हा कुठे कळलं. पंढरी खुशीत जेवायला बसला. तेवढ्यात तळ्याच्या वळणावरून ती धडधड ऐकू आली. इतकी वर्षं पंढरीची असलेली, आजपासून सितारामची.

 

समोर बसलेल्या नवऱ्याला भात वाढता वाढता सगुणाचा हात थांबला. तिने कपाळावरचे केस सारखे केले आणि ती हसऱ्या तोंडाने दाराकडे बघत उठली, "आयले वाटते!"