आठवड्याचा मानकरी

डार्सीच्या गाडीत सीटखाली कपड्यांची पिशवी होती. सामना संपला की कोचला, म्हणजे क्लाइव्हला गाठायचं आणि मेंढ्या कातरायच्या शेडमागची त्याची रिकामी खोली चार दिवसांसाठी मागायची, एवढंच डार्सीने ठरवलं होतं. क्लाइव्हने कारण विचारलं असतं तर तेही सांगायची त्याची तयारी होती.

खरं तर एकदा सांगून झालं होतं. गुरुवारी सरावाला तो काळानिळा झालेला डावा डोळा घेऊन आला. याआधी कधी फाटक लागलं, कधी एडक्याने ढुशी दिली, असं काहीबाही सांगून त्याने वेळ मारून नेली होती. त्या दिवशी त्याला थापांचाच कंटाळा आला. क्लाइव्हने विचारल्यावर तो सरळ म्हणाला, रोवेनाने तवा मारला. क्लाइव्ह पोट धरून हसला. बायकोने एवढा तवा उचलला म्हणजे तूच काहीतरी दिवे लावले असणार, काय केलंस ते सांग, असं म्हणत त्याने डार्सीच्या पाठीत थाप मारली. डार्सीही हसला. दुसरं करणार तरी काय?

शनिवारी सामन्याआधी दोन्ही संघ मैदानाच्या मधोमध एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून गोल उभे राहिले. शेजारच्या गावात औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या बाईला महिन्यापूर्वी तिच्या नवऱ्याने मारून टाकलं होतं. त्या गोलातल्या प्रत्येकाने कधी ना कधी तिच्या हातून खोकल्याचं औषध घेतलेलं. क्लाइव्हने कागदावरच्या चार ओळी वाचल्या आणि शेवटच्या ओळीला त्याचा आवाज बसला. मग सगळे एक मिनिट गप्प उभे राहिले. डार्सीला ती बाई आठवत होती. सुटे पैसे मोजताना ती पुटपुटायची. त्याचे डोळे भरून आले, तसा सुजलेला डोळा झोंबायला लागला.

त्या मिनिटात समोरच्या संघातली दोन पोरं कशावरून तरी खुसखुसली. गोल मोडल्यावर क्लाइव्ह त्यांच्यापाशी गेला.

"हसण्यासारखं काय आहे यात?" त्याने विचारलं. "असले विनोद या मैदानावर चालायचे नाहीत."

पोरांनी माना खाली घातल्या. क्लाइव्ह मनापासून बोलत होता, आणि म्हणूनच डार्सीला वाटलं, या माणसाला सांगता येईल.

सामना ते हरले, त्यात नवल काहीच नव्हतं. संध्याकाळी क्लबच्या पत्र्याच्या खोलीत बिअर आणि खिम्याचे गरम पॅटिस आले, आणि पराभव विसरायचा नेहमीचा कार्यक्रम सुरू झाला. दर शनिवारी तिथे आठवड्याचा मानकरी निवडतात. ज्याने सगळ्यात मोठा गाढवपणा केला असेल, त्याच्या गळ्यात कमोडची जुनी सीट घालायची. त्याने ती घरी न्यायची, दिवाणखान्यात टांगायची आणि पुढच्या शनिवारी परत आणायची. बायका-पोरांसकट सगळं गाव या क्षणासाठी थांबतं.

रोवेना आली नव्हती. डार्सी दाराशी उभा होता. क्लाइव्ह एकटा सापडण्याची तो वाट पाहत होता.

क्लाइव्ह खुर्चीवर चढला. आज सीटला सुट्टी, असं त्याने जाहीर केलं. मग गुरुवारची हकीकत त्याने तिखटमीठ लावून सांगितली. त्यात रोवेना तवा परजत अंगणभर धावली, डार्सी कोंबड्यांच्या खुराड्यात लपला. खोली हसून हसून लोळायची बाकी राहिली. बारच्या काउंटरमागे ग्लास विसळणाऱ्या मर्लबाई डोळे पुसत म्हणाल्या, शाबास पोरी. तेवढ्यात क्लाइव्हने टेबलाखालून बिडाचा तवा काढला. त्याच्या दांड्याला सुतळी बांधली होती.

डार्सीला पुढे ढकलण्यात आलं. त्याने मान वाकवली. तवा छातीवर आदळला, फोटो काढले गेले. त्याला लाज वाटली, पण त्याहून जास्त वाटली ती भीती. हा तवा घेऊन घरी जायचं, तो भिंतीवर टांगायचा, आणि कशाबद्दल मिळाला ते रोवेनाला सांगायचं.

"हा इथेच राहू दे," तो हळूच क्लाइव्हला म्हणाला.

"नियम म्हणजे नियम, बाबा. घरी न्यायचा."

"नको. घरी एक आहे."

शेजारच्यांनी ऐकलं आणि पुन्हा हशा उसळला. क्लाइव्ह खुर्चीवरून उतरला.

"दोन दोन तव्यांनी हाणेल म्हणून घाबरतोस की काय?"

"हो," डार्सी म्हणाला.

लोक हसले आणि पुढचं ऐकायला थांबले. पुढे काही आलं नाही. क्लाइव्हने हसतच त्याच्या पाठीत थाप मारायला हात उचलला. तसा डार्सीचा कोपर झटकन वर गेला, चेहरा त्यामागे दडला, मान खांद्यात गेली. तव्याला धक्का लागून तो सुतळीवर हेलकावे घेत राहिला.

खोलीत कोणी हसलं नाही. मर्लबाईंनी नळ बंद केला. क्लाइव्हचा हात तसाच अधांतरी होता. त्याने तो सावकाश खाली घेतला.

"डार्स," तो म्हणाला, "अरे, आधी सांगायचं नाही का?"

डार्सीने कोपर खाली केला.

"गुरुवारी तू विचारलंस," तो म्हणाला. "मी सांगितलं."