दसऱ्याला घासलेलं घड्याळ

उमापुरात त्या दुष्काळात सावल्यासुद्धा पाणी मागत हिंडायच्या. खोटं वाटलं तर टँकरवाल्याला विचारा. तुळजाबाई बैलांच्या चाऱ्यासाठी दिवंगत मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं, विलायती मनगटी घड्याळ विकायला बीडला आल्या. सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन होते ते. शंकरपटात धावत्या बैलांचे सेकंद त्यावरच मोजायचे. चाऱ्याची अडचण ऐकत दुकानदारानं भिंग लावलं. "मावशी, हे घासलं कावून?" "दर दसऱ्याला, भांड्यांसंगं, चिंच-राखेनं. सूर्व्या लाजंल बघ!" "तिथंच चुकलं. असली घड्याळं जुन्या ओरखड्यांसकटच खपतात. ओरखडे असते तर बैलांनी वर्षभर पेंड खाल्ली असती. आता निम्माच भाव." तुळजाबाईंना पुढचं ऐकूच आलं नाही. कारखान्याची पहिली साखर मालकांनी त्यांना चारचौघांत भरवली, तेव्हा लाजून हात झटकताना त्यांच्या बांगडीनं घड्याळावर रेघ ओढली होती. मोकळं मनगट पदराखाली घेत त्यांनी विचारलं, "एक ओरखडा परत पाडता येतो का, बाबा?"