चकाचक डोकं

अंबरीश सलूनमधून निघाला तो घरी गेलाच नाही. कारखान्याची बस थांबते त्या चौराह्यावर येऊन उभा राहिला. घरी मम्मी होती. तिच्यापुढे एकट्यानं जाण्यापेक्षा पापांना पुढे घालून जावं, असा त्याचा बेत होता. पापा आधी ओरडतात, मग हसतात. मम्मी नुसतीच ओरडते.

डोकं वस्तऱ्यानं चकाचक केलेलं. देवासचं ऊन त्यावर थेट उतरत होतं. नववीतल्या यशराजनं फर्मान काढलं होतं, सोमवारी सगळे टकले. बाकीच्यांनी कालच उरकून रीलही टाकली होती. केस असलेला हा एकटाच उरला होता, आणि मागच्या बाकावर आता केसवाल्याला जागा नव्हती. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. नववीतल्या गरजवंताला केसही उरत नाहीत.

न्हाव्यानं वस्तरा हातात घेऊन शेंडीचं हळूच विचारलं होतं, "चोटी रखनी है, बेटा?"

"नहीं भिया, पूरा साफ."

न्हावी मग खाली मान घालून वस्तरा चालवत राहिला. एरवी त्याची जीभ कात्रीपेक्षा जास्त चालते.

बस आली. काल रात्रीपासून डबल शिफ्ट करून आलेली माणसं एकमेकांची खेचत उतरू लागली. पापांच्याच लाइनवर काम करणारा योगेंद्र पुढे होता. अंबरीशला बघून त्याचं हसणं थांबलं. त्यानं मागे वळून पापांना हाताला धरून उतरवलं.

"हिम्मत रखो, भिया," तो म्हणाला.

पापांनी मुलाकडे पाहिलं, मग त्याच्या डोक्याकडे. हातातली डब्याची पिशवी त्यांनी अगदी जपून जमिनीवर ठेवली.

"माझी वाट नाही पाहिली?"

अंबरीशला काही कळेना. पाठ केलेली सगळी वाक्यं तो विसरला. "कुणी, पापा?"

"काकानं. आईला नेलं, आणि माझी वाटसुद्धा नाही पाहिली?" ते तिथेच दुभाजकाच्या कडेला बसले. "फोन रात्रीच बंद पडला होता रे. कुणाला तरी गेटवर पाठवायचं. आज रविवार. आज जाणारच होतो मी बागलीला."

आजी बागलीला काकांकडे अंथरुणाला खिळून होती. पापा दर रविवारी जाणार असायचे आणि दर रविवारी ओव्हरटाइम निघायचा. घरात माणूस गेलं की मुलं-नातवंडं केस उतरवतात, हे त्याला माहीत होतं. फक्त ते आपल्या डोक्याबद्दल आहे, असं त्याला वाटलं नव्हतं.

"पापा, आजी ठीक आहे. कुणाला काही झालं नाही. शाळेत सगळ्यांनी केलं, म्हणून. फॅशन आहे."

योगेंद्रनं मान दुसरीकडे वळवली आणि तो चालू लागला. अंबरीश गाल पुढे करून थपडेची वाट बघत राहिला. थप्पड आली असती तर बरं झालं असतं.

"फोन दे तुझा. काकाला लाव."

घंटी बराच वेळ वाजली. मग खोकल्याची उबळ ऐकू आली, आणि मागून आजीचा आवाज.

"कोण? सुभाष का रे?"

फोन कानाला तसाच धरून पापा तोंड उघडत होते, मिटत होते. आजी पलीकडून विचारत राहिली, जेवलास का, पोरं कशी आहेत.

रस्त्यापलीकडे बागलीच्या बसचा कंडक्टर सवाऱ्यांना हाका मारत होता. पापा उठले. डब्याची पिशवी त्यांनी अंबरीशच्या हातात दिली.

"मम्मीला सांग, उद्या येईन."

बसच्या पायरीवर एक पाय ठेवून ते थबकले आणि परत आले. डोक्यावरची कारखान्याची टोपी काढून त्यांनी अंबरीशच्या डोक्यावर कानांपर्यंत ओढून बसवली.

"घरात शिरायच्या आधी, दारातूनच सांग तिला, पापा ठीक आहेत म्हणून. मग टोपी काढ."