चौथं वर्ष

“नाव विचारलंस?” रेवाने मकेनाचं मनगट पकडलं, तेव्हा गोळ्यांची वाटी म्हाताऱ्याच्या ओठांपर्यंत पोचली होती.

मकेना, तिची नर्सिंगची विद्यार्थिनी, लाजली. “बाई, डेल्मरकाकांना काय नाव विचारायचं? चर्चमध्ये आमच्या पुढच्याच बाकावर बसतात. काय म्हणतील मला?”

“काका, तुमचं नाव सांगा बरं!” रेवा म्हाताऱ्याच्या कानाशी ओरडली. त्याचा सगळा जन्म कोळशाच्या खाणीत गेला होता आणि कानही तिथेच गेले होते.

“व्हर्जिल,” म्हातारा म्हणाला. “डेल्मर धाकटा माझा. तो काय, पलीकडे घोरतोय.”

धाकट्याच्या हृदयाच्या, नाडी मंद करणाऱ्या गोळ्या थोरल्याच्या पोटात जाणार होत्या, आणि थोरल्याची नाडी आधीच मंद होती. मकेनाला रडू फुटलं. केंटकीच्या या डोंगरांत सगळे सगळ्यांना ओळखतात. ओळखीच्या माणसाला नाव विचारणं म्हणजे त्याचा अपमान. पोरींची ही लाज मोडता मोडता रेवाच्या नाकी नऊ यायचे. नियम साफ होता, दुसऱ्यांदा चुकलं की नापास. मकेनाची ही दुसरी वेळ होती.

दुपारी रेवा निकालाचा कागद घेऊन प्राचार्यांकडे गेली. मिस ओलेटा जेवत होत्या. एकेकाळी रेवालाही त्यांनीच शिकवलं होतं.

“बस. मक्याचा पाव घे,” त्या म्हणाल्या. कागद वाचून त्यांनी चष्मा काढला. “मकेना गेली की तुझ्या गटात पाचच पोरी उरतात. पाचांचा गट वरचे चालू देत नाहीत. जानेवारीपासून तू अर्धवेळ. कळतंय ना?”

कळत होतं. पुढच्या शिक्षणासाठी रेवाने कर्ज काढलं होतं. शिक्षिका होऊन चार वर्षं पूर्णवेळ शिकवलं तर ते टप्प्याटप्प्याने माफ व्हायचं, आणि सगळ्यात मोठा तुकडा चौथ्या वर्षाचा होता. त्यापायी तिने वॉर्डातला चांगला पगार सोडला होता. मे महिन्यात चार वर्षं भरत होती. नवऱ्याची खाण बंद पडलेली. कर्ज राहिलं असतं तर घर राहिलं नसतं.

“तू होतीस ना तिथे? हात धरलास ना? मग कुणाचं काय बिघडलं?” मिस ओलेटा म्हणाल्या. “ही दुसरी वेळ होती, हे लिहूच नकोस.”

रेवाला त्यांची किळस आली. “उद्या ती एकटी असेल. तेव्हा कोण हात धरणार? मी नाही पास करणार तिला. तुम्हीच शिकवलंत ना मला, नाव ऐकल्याशिवाय गोळी द्यायची नाही म्हणून? मी चुकले होते का कधी?”

“एकदा.”

“कधी?”

मिस ओलेटांनी चमचा खाली ठेवला. “तुझ्या शेवटच्या वर्षी. खिडकीजवळ हॉबर्ट होता, पलीकडच्या खोऱ्यातला, तुझ्या ओळखीचा. दुसऱ्याच्या गोळ्या दिल्यास त्याला आणि शीळ घालत बाहेर आलीस. मी दारातून बघत होते. मी धावत पोचेपर्यंत त्याने गिळल्याही होत्या.”

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर लिहावं लागलं असतं. तेव्हा पहिल्याच चुकीला नापास करायचे. तू नापास, माझा गट मोडला. माझंही चौथं वर्ष होतं, पोरी.”

 शिकवायला लागल्यापासून रेवा वर्गात कधीच न चुकल्याचं आपलंच उदाहरण देत आली होती. तिने विचारलं, “आणि हॉबर्ट? त्याचं काय झालं?”

मिस ओलेटांनी निकालाचा कागद आणि पेन तिच्यापुढे सरकवलं.

“माझं कर्ज माफ झालं,” त्या म्हणाल्या.